बिंता, तुझी थट्टा करायची राहून गेली

बिंता, तुझ्या मयताच्या दिवशी मी तुझ्याबद्दल चांगलं बोलले. त्याची आधी माफी मागते.

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या तुझ्या घरात सगळे जमले होते. पुरुष दफन करून परत आले होते, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आपल्या रेस्ट होमची, म्हणजे वृद्धाश्रमाची, निम्मी शिफ्ट युनिफॉर्मवरच आली होती. एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलत होता. मॅनेजर म्हणाली, बिंता वॉज सो रेझिलियन्ट, कशानेही न मोडणारी. फिजिओवाली म्हणाली, रेझिलियन्ट. तीन वर्षं ज्या आजोबांची लापशी तू वेगळी, गुठळी न होऊ देता शिजवलीस, त्यांच्या मुलाला तुझं नावही धड घेता येत नव्हतं, पण हा शब्द त्याला बरोबर आला. मग तुझ्या लेकीने, आवाने, माझ्या कोपराला हात लावला आणि कानाशी येऊन म्हणाली, "आँटी, नाऊ यू. डू युअर जॉब."

माझं काम काय होतं ते त्या खोलीत मला आणि तुझ्या माणसांनाच माहीत होतं. मी तुझी सनावू, म्हणजे थट्टेच्या नात्यातली. तुमच्याकडे माणूस गेलं की रडणारे रडतात, दुवा मागणारे दुवा मागतात आणि सनावू येऊन त्या गेलेल्या माणसाची टर उडवते. ही मेलीच नाही, कामाचा कंटाळा आला म्हणून झोपलीय, असं म्हणते. तिची चाल करून दाखवते. लोक रडता रडता हसतात आणि तेव्हा कुठे घरच्यांच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरतो. हे सगळं तूच मला शिकवलंस. "मी आधी गेले आणि तू गप्प बसलीस तर उठून येईन," अशी धमकीही दिली होतीस.

आणि मी काय केलं, तर उभी राहिले, ओढणी सारखी केली आणि म्हणाले, "बिंता वॉज अ व्हेरी रेझिलियन्ट वुमन." खाली बसले. आवाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. घरात नवऱ्यावर, नितीनवर, ओरडते, कामावर डॉक्टरशी वाद घालते, आणि खरा राग आहे तो माझ्यावर. आणि थोडा तुझ्यावरही आहे, उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

आपली सुरुवातच मुळी भांडणाने झाली. मी नर्स म्हणून तिथे लागले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेनिंग डे होता. सगळ्यांनी इथल्या माओरी लोकांच्या पद्धतीने ओळख करून द्यायची, आपला डोंगर सांगायचा, नदी सांगायची, मग नाव. माझी पंचाईत झाली. पुण्यात वाढलेल्या माणसाची नदी म्हणजे पुलावरून नाकाला रुमाल लावून ओलांडायची गोष्ट. शेवटी आजीच्या गावची भीमा सांगितली. त्या भीमेवर आजीला खालच्या अंगाला जाऊन पाणी भरावं लागायचं, ते सांगितलं नाही. मग तू उठलीस, एप्रनला हात पुसत, आणि गॅम्बिया नदी अशी सांगितलीस की जणू ती बाहेर गाडीत बसून तुझी वाट बघतेय.

चहाच्या सुट्टीत तू सरळ माझ्याकडे आलीस. "आडनाव काय तुझं?"

बौद्ध माणसाला हा प्रश्न कुठेही विचारा, पाठ आपोआप ताठ होते. आमच्याकडे आडनाव विचारतात ते समोरच्याचं माप घ्यायला. "कांबळे," मी म्हटलं, जरा जोरातच.

तू टाळी वाजवलीस. "कांबळे? मग तू माझी गुलाम. जा, माझा चहा आण."

मी चहा आणला नाही. मी त्याच दुपारी मॅनेजरला ईमेल केली. एवढे समुद्र ओलांडून आले ते हे ऐकायला, असं मनात म्हणत, टायपो न तपासता पाठवली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत आपण दोघी, मध्ये टिशूचा डबा. मॅनेजरने तुला विचारलं, तू असं म्हणालीस का. तू म्हणालीस, "हो. आणि हिने तक्रार केली ते बरोबरच केलं. गुलाम नेहमी तक्रार करतात." मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. मग तुझं माझ्याकडे लक्ष गेलं. मी डब्यातले टिशू एकामागून एक ओढत होते. तुझं हसू एकदम विझलं. सुट्टी झाल्यावर तू मला गाडीत घालून वायकाटो नदीच्या काठावर नेलंस आणि तासभर समजावत बसलीस.

तुमच्याकडे आडनावांच्या जोड्या असतात. फार पूर्वी कुणी तरी शपथ घेतली की या दोन घरांनी आपसात कधी लढायचं नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांना गुलाम म्हणतात, भातचोर म्हणतात, खादाड म्हणतात, आणि राग धरायला बंदी. सकाळी मी तुला म्हणायचं, दुपारी तू मला. आमच्याकडे मेहुण्याची थट्टा चालते तसं, पण तुमच्याकडे अख्ख्या गावांचं नातं तसं. "आम्हा सान्यांगांना कांबळ्यांची जोडी नव्हती," तू म्हणालीस, "ती आज मी लावली. भीमा आणि गॅम्बिया. आता तू म्हण मला काही तरी."

मला जमेना. आमच्याकडे असले शब्द ऐकून घेण्याचा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा, उलट म्हणायचा नाही. दीड आठवडा लागला. मग एका दुपारी तुझं ते बिनमिठाचं रेस्ट होमचं सूप चाखलं आणि म्हणाले, "काय गं खारट नदीच्या बाई, सगळं मीठ गावालाच ठेवून आलीस का?" तू पळी खाली ठेवलीस आणि मला अशी मिठी मारलीस की माझ्या टॉपला सूप लागलं.

खारट नदी ही तुझी दुखरी जागा, हे मला माहीत होतं. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तुमच्या नदीत आत आत चढतं, पावसाळ्यात नदी त्याला मागे ढकलते. काठाची भातखाचरं बायकांची, आईकडून मुलीकडे आलेली. तू लहान असताना पाऊस सलग दगा देत गेला आणि मीठ तुमच्या खाचरांत येऊन बसलं. रोज सकाळी तुझी आई पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची. ती सवय तू इथे घेऊन आलीस. वायकाटोच्या काठाला गेलो की तू वाकून बोट बुडवायचीस आणि चाखायचीस. "अगं पोट बिघडेल," मी ओरडायचे. "गोड आहे," तू म्हणायचीस, आणि मग तुझा दिवस बरा जायचा.

मीठ अडवायला बांध घालायचा तर चिखल तुडवायला माणसं हवीत. पलीकडच्या काठावरचं गाव आलं ते तुमचं सनावू म्हणून. आले तेच शिव्या देत. आळशांनो, तुमची नदीसुद्धा नासली, आता आमचा भात खायला येणार वाटतं. दिवसभर चिखल वाहिला, दिवसभर तोंड चालवलं, संध्याकाळी तुमच्याच घरी जेवले आणि जेवणाला नावं ठेवून गेले. बांध एकदा वाहून गेला, तेव्हा पुन्हा आले. तू म्हणाली होतीस, "ते दया दाखवायला आले असते तर माझ्या आईने दार लावून घेतलं असतं. शिव्या देत आले म्हणून तिने भात रांधला." तुझ्या मयताला बसून मला हेच आठवत होतं. रेझिलियन्ट म्हणे. लांब उभं राहून म्हणायला बरा शब्द आहे, हातापायाला चिखल लागत नाही. आणि मीही लांबच उभी राहिले.

माझे पप्पा गेले तेव्हा कोविडमुळे बॉर्डर बंद होती. पुण्याला जाता येईना. सगळं फोनच्या स्क्रीनवर बघितलं. लोकांचे मेसेज आले, हीप्स ऑफ लव्ह, टेक केअर, काही लागलं तर सांग. काय सांगणार? तू मात्र परवानगी मिळाल्याच्या पहिल्या सकाळी दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "शी, काय हे घर. माझ्या गुलामाला साधा केर काढता येत नाही." केर काढलास, माझ्या डोक्याला तेल लावलंस, भात आणि शेंगदाण्याचा रस्सा केलास आणि मी जेवेना तर म्हणालीस, "तुझ्या बापाने काय उपाशी राहायला शिकवलं? मग बरा गेला." त्या वाक्यावर मी आठ दिवसांत पहिल्यांदा हसले आणि मग हुंदके देऊन रडले. नितीन घाबरून स्वयंपाकघरात निघून गेला होता. तुझे त्या दिवसाचे आभार मानायचे राहिले असं नाही, आपल्यात आभार मानायचे नसतातच. पण आता म्हणते. ऐकून घे.

आता आपल्या अर्धवट राहिलेल्या भांडणाकडे येते, कारण ते मी सोडलेलं नाही.

आवाने सांगितलं की तिला लॅमिनशी लग्न करायचंय. ऑकलंडचा मुलगा, तुमच्याच नदीकाठचा, आयटीत काम करणारा, बोलायला मऊ. मी खूश झाले. आणि तू म्हणालीस, नाही. का, तर त्याचं घराणं लोहाराचं. लोहार वेगळे, आपण वेगळे, आपल्यात देत नाहीत. त्या पोराने जन्मात हातोडा धरला नसेल, बिंता. त्याला घरातलं शेल्फ लावायला माणूस बोलवावा लागतो.

कारपार्कमध्ये मी तुझ्यावर तुटून पडले. चौदा एप्रिलला स्टेजवर उभं राहून करतात तसं भाषण ठोकलं. माणसामाणसांत भेद, जन्मावरून माप, कायदा, समता, माझी आजी, खालच्या अंगाचं पाणी, सगळं. "आडनाव हसायला असतं म्हणाली होतीस ना? मग हे काय आहे?" तू गाडीला टेकून ऐकत होतीस. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तू म्हणालीस, "गुलाम, तुला यातलं काही कळत नाही. गप्प बस."

नेहमीचाच शब्द होता. पण मला तो त्या दिवशी थट्टेतला वाटला नाही. मी म्हटलं, "ओके, बिंता. सी यू टुमॉरो." आणि गेले.

मग पाच आठवडे आपण सभ्यपणे वागलो. गुड मॉर्निंग, बिंता. गुड मॉर्निंग, सुजाता. तुझ्या तोंडून मी पहिल्यांदाच सुजाता ऐकत होते, त्याआधी कायम कांबळेच. मला वाटलं, बोलत तरी आहोत. तुमच्यात सनावूंनी एकमेकांशी नीट बोलणं म्हणजे नातं तुटल्याची खूण, हे माहीत असून वाटलं.

शेवटच्या बुधवारी तू किचनमध्ये स्टुलावर बसली होतीस आणि डाव्या खांद्याला चोळत होतीस. कपाळावर घाम. एरवी मी काय केलं असतं, हे तुलाही माहीत आहे आणि मला तर रोज दिसतं. "उठ गं आळशे, कामचुकार," म्हटलं असतं, दंडाला धरून क्लिनिकमध्ये नेलं असतं, तू शिव्या देत राहिली असतीस आणि मी बीपी घेऊन, तुझं काहीही न ऐकता अॅम्ब्युलन्स बोलावली असती. त्या दिवशी मी दारातून विचारलं, "यू ऑलराइट, बिंता?" तू इथल्यांसारखं म्हणालीस, "स्वीट अॅज," म्हणजे एकदम मस्त. आणि मी औषधांची ट्रॉली ढकलत पुढे गेले. पंधरा वर्षं नर्सिंग करतेय. दुसऱ्या कुणी असं सोडलं असतं तर मीच त्या नर्सची तक्रार केली असती. शुक्रवारी सकाळी आवाचा फोन आला.

तूही कमी नाहीस. महिनाभर छातीत दुखत होतं, हे म्हणे तुझ्या फार्मसीवाल्याला माहीत होतं. मला सांगायला काय झालं होतं? भांडण होतं म्हणून? भांडणात माणूस मरतं का, बाई?

आणि याहून मोठा तडाखा पुढेच होता. तू गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुझा मोठा भाऊ इब्राहिमा ऑकलंडच्या फ्लॅट बुशहून तुझं सामान लावायला आला होता. नवरा गेल्यापासून तुझ्या घरातलं मोठं माणूस तोच, पण आवाच्या लग्नाचा निर्णय त्याने तुझ्यावर सोडला होता. मी डबा घेऊन गेले. तो खोक्यावर चिकटपट्टी लावत म्हणाला, "आमच्याकडे सनावूची मागणी परत पाठवत नाहीत, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. तू ते सांगितलंच नव्हतंस.

तो म्हणाला, "लग्न अडलं, भांडण अडलं, की सनावूला पुढे करतात. तिने थट्टेत मागितलं की द्यावंच लागतं. मग कोणी हरत नाही. बिंताने दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर गावात तिची मान खाली गेली असती. तुझं ऐकलं असतं तर ती म्हणाली असती, काय करू, माझी गुलाम ऐकेना. मला फोनवर म्हणाली होती, ही बया भाषण करून गेली. मागायला कधी येणार?"

मी डबा तिथेच ठेवला आणि गाडीत येऊन बसले. पाच आठवडे, बिंता. तू किचनमध्ये माझी वाट बघत होतीस आणि मी गुड मॉर्निंग म्हणत होते. पण तुला तोंड नव्हतं का? एक वाक्य सांगायचं होतंस. आणि हेही ऐकून ठेव, मी जे बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही. लोहाराच्या पोराला माणूस म्हणून घरात घ्यायला थट्टेची मागची वाट कशाला लागावी? सरळ दारातून का नाही? आम्ही सरळ दारासाठीच भांडत आलो. तू असतीस तर यावर आणखी एक तास भांडलो असतो आणि मला अजून वाटतं, मी जिंकले असते. पण आवाला जिंकलेली आँटी नको होती. तिला लग्न करायचं होतं.

काल तुझा चाळिसावा दिवस होता. मागणीला तुमच्याकडे कोला नट नेतात, चघळायच्या कडू बिया. ते हॅमिल्टनमध्ये मला कुठून मिळणार? मी इंडियन दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पूजेच्या सामानासमोर उभी राहून सुपारीची पुडी घेतली. आमच्याकडेही लग्न ठरलं की सुपारी फुटते. म्हटलं, चालवून घ्या.

तुझा एप्रन मी लॉकरमधून आणला होता. तो बांधला, तुझे जांडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घातले, हातात पळी घेतली आणि दुवा संपल्यावर, भात वाढायच्या आधी, तुझ्यासारखी डुलत खोलीच्या मधोमध आले. म्हटलं, "कोण म्हणतं बिंता मेली? डिशवॉशर भरायची पाळी आली म्हणून झोपलीय. मी ओळखते या बाईला. हिच्या सूपात मीठ नव्हतं आणि हिच्या जिभेवर सगळं मीठ. हॅमिल्टनची नदी चाखून चाखून निम्मी संपवली हिने." कोपऱ्यातली एक म्हातारी आधी हसली. मग आणखी दोघी. मी बोट बुडवून चाखायची तुझी नक्कल केली, तोंड वाकडं केलं, "गोड आहे" म्हटलं, आणि आवाने तोंडावर हात घेतला.

मग मी इब्राहिमापुढे गुडघ्यावर बसले, सुपारीची पुडी ठेवली आणि म्हणाले, "सान्यांगांनो, भातचोरांनो, तुमची गुलाम कांबळे आलीय. मुलगी द्या. दारात चपलांपाशी जो बसलाय, त्या लोहाराच्या पोरासाठी. नाही म्हणालात तर मी इथेच बसते आणि सगळा भात एकटी खाते."

लॅमिन खाली बघत होता. इब्राहिमाने पुडी उचलली, उलटसुलट करून बघितली. "गुलाम," तो म्हणाला, "एवढ्याशा दगडांत आमची मुलगी?" मग एक सुपारी तोंडात टाकली, चावली, दात दुखल्यासारखा चेहरा केला आणि पुडी शेजारच्याकडे दिली. पुडी खोलीभर फिरली. कुणी फोडू शकलं नाही, पण प्रत्येकाने एक उचलली. आवा तेव्हा रडली, मोठ्याने, चाळीस दिवसांत पहिल्यांदा, आणि मी तिला म्हटलं, "रड, आळशी बाईची आळशी पोर." तिने मला घट्ट धरलं. "टुक यू लाँग इनफ, आँटी," म्हणाली.

तर तुझी मुलगी दिली, बिंता. तू नाही म्हणायच्या भानगडीत पडू नकोस, तुझी ती सोय उरलेली नाही.

आज शिफ्टला गेले. जगात एकच बाई होती, तिने मला गुलाम म्हटलेलं मला चालायचं. चालायचं काय, सकाळी म्हटलं नाही तर मी किचनच्या दारात रेंगाळायचे. तुझ्या जागी नवी बाई आलीय. चांगली आहे. दार उघडताच म्हणाली, "गुड मॉर्निंग, सुजाता." दुपारी सूप चाखलं. मीठ नव्हतं. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. ती बिचारी सॉरी म्हणाली असती.